मंडळीचा प्याला

अकोला सोडले त्या सकाळी माझी पुस्तके, कपडे आणि पत्नीची तसबीर गाडीच्या डिकीत होती. मांडीवर होती ती फक्त एक शाल, आणि शालीत गुंडाळलेला आपल्या ख्रिस्ती मंडळीचा प्याला. कृपा, माझी मुलगी, निघताना म्हणाली होती, "बाबा, तोही मागे ठेवा ना, हात अवघडतील." मी ठेवला नाही. मूर्तिजापूर मागे पडले, बडनेरा आले, तरी ताप आलेले मूल धरावे तसे माझे दोन्ही हात त्या शालीवर होते.

आदल्या रविवारी उपासनेनंतर माझा सत्कार झाला होता. शाल झाली, श्रीफळ झाले आणि मग सचिवांनी जाहीर केले की, गुरुजींच्या प्रदीर्घ सेवेचे स्मरण म्हणून मंडळी आपला हा पुरातन प्याला त्यांना सप्रेम अर्पण करीत आहे. प्याल्याच्या काठाखाली माझे नाव कोरून घेतले होते. टाळ्या वाजल्या. मंडळीतल्या तुमच्यापैकी जे तेथे होते त्यांना कदाचित माझ्याइतकेच स्पष्ट कळले असेल की तो सत्कार माझा नव्हता. ती प्याल्याची पाठवणी होती.

तुमच्यापैकी जे पुण्याला, नागपूरला किंवा समुद्रापलीकडे गेले त्यांना हा इतिहास अर्धाच ठाऊक आहे. जे अकोल्यात राहिले त्यांना तो पुरता ठाऊक आहे, पण ते बोलणार नाहीत. म्हणून लिहितो.

आपली मंडळी मुळातच लहान. जठारपेठेतल्या माझ्या घरापासून पायी जाण्याजोगे ते कौलारू उपासना मंदिर. गोरे मिशनरी निघून गेले तेव्हा मागे काही बाके, एक पेटी आणि हा प्याला उरला. पितळेचा, आतून चांदीचा मुलामा दिलेला. बाकांची वाटणी कोणी केली नव्हती, तरी ती झालेली होती. पुढे वकील, प्राध्यापक आणि आमच्यासारखी घराणी. मागे ज्यांचे वाडवडील गावकुसाबाहेरून प्रभूकडे आले ती. ख्रिस्ताच्या ठायी भेद उरत नाही हे आपण जन्मभर पुलपिटावरून ऐकले. बाकांनी ते कधी ऐकले नाही.

फक्त प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाचा हा एकच प्याला तेवढा सर्व बाकांवरून, ओठांवरून ओठांवर फिरत असे.

माझे आजोबा पुरोहिताच्या घरातले. त्यांनी प्रभूचा स्वीकार केला तेव्हा ते जिवंत असताना त्यांच्या नावाने घरच्यांनी पिंड पाडले. आमच्या घरात संस्कृत राहिले ते त्यांच्यामुळे, आणि पुढे मी शाळेत तेच शिकवून पोट भरले. वडील मला सांगत, "तुझ्या आजोबांना बाप्तिस्म्याचे पाणी सोपे गेले रे. कठीण गेली ती प्याल्याची कड." कारण पहिल्या प्रभुभोजनात प्याला त्यांच्या हाती आला तो एस्तेरबाईंच्या आजोबांच्या ओठांवरून. एस्तेरबाई म्हणजे आपल्या मागल्या बाकावरच्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. त्यांची आई सांगत असे की, गावात तिला पाणी मिळे ते ओंजळीत, वरून ओतलेले. सर्वांच्या भांड्याला ओठ लावण्याची मुभा तिला जन्मात प्रथम मिळाली ती या प्याल्यापाशी. शाळेत मी 'उच्छिष्ट' या शब्दाचा अर्थ मुलांना सांगे. तो अर्थ पुसून निघतो असे एकच स्थान मी पाहिले होते.

माझे वडील मंडळीचे 'वडील', म्हणजे कारभारी पंच, होते तेव्हा त्यांनी एक रीत घातली. प्याला दर महिन्याला वेगळ्या बाकापासून निघे, आणि उरलेला शेवटचा घोट मंडळीच्या 'वडिलां'नी घ्यावयाचा. त्यांच्यामागे ती रीत मी चालवली. ज्या महिन्यात प्याला मागून निघायचा त्या रविवारी पुढच्या बाकांवरच्या काहींना हटकून धामणगावला सोयऱ्यांकडे जावे लागे. मी हे पाहत असे आणि प्रार्थना करीत असे. प्रभू धीर देतो, माणसे सुधारतात, असे मला वाटत होते.

मग साथ आली. मंदिर बंद राहिले, पुन्हा उघडले, आणि प्याला मात्र कपाटातून बाहेर आला नाही. आरोग्याचा प्रश्न आहे, असे सांगण्यात आले. मी वाट पाहिली. नाताळच्या जेवणात एका पातेल्यात सर्वांचे हात जाऊ लागले, लग्नांत एका ताटात चौघे बसू लागले, तरी प्याल्यातले जंतू काही मरेनात. अखेर मी सभेत विषय काढला. सचिव आजारांविषयी बराच वेळ बोलले. तेव्हा एस्तेरबाई मागून उठल्या. "माही सारी नोकरी वार्डात गेली, भाऊ," त्या म्हणाल्या, "जंतू का बाक पाहून बसते?" काही जण हसले. नंतर हात वर झाले, आणि आम्ही हरलो. पुढच्या महिन्यात कृपाने माझे गुडघे पाहून मला अमरावतीला नेण्याचे ठरवले, आणि मंडळीला सत्काराची घाई झाली.

येथे मी चौथ्या मजल्यावर राहतो. कृपा कॉलेजातून येईपर्यंत लिफ्टचा आवाज ही माझी सोबत. रविवारी मोठ्या चर्चमध्ये जातो. गीतांचे शब्द स्क्रीनवर येतात, कीबोर्ड वाजतो, उपासना लाइव्ह जाते. प्रभुभोजन छोट्या सीलबंद डबीत मिळते. वरचे आवरण सोलले की पापुद्र्याएवढी भाकर, खाली घोटभर रस. दाराशी डब्या टाकायला डस्टबिन आहे. माझ्या शेजारी कोण बसते ते मला अद्याप माहीत नाही. येथल्या तरुण पाळकांना मी प्याला दाखवला. त्यांनी अत्यंत आदराने तो काचेच्या कपाटात ठेवण्याची तयारी दाखवली. मी तो घरी परत आणला.

गेल्या महिन्यात एस्तेरबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अमरावतीला आल्या, तशा माझ्याकडेही आल्या. "सलाम, गुरुजी. लिफ्ट होती म्हणून बरं. पायऱ्यायनं आली असती त तुमालेच माह्या मातीले या लागलं असतं." मग अकोल्याची हकीकत. तेथेही आता त्याच डब्या येतात. पुढच्या बाकांवरची मुले परगावी गेली, बाके ओस पडली. "तरी मी मांगंच बसते," त्या म्हणाल्या. "थो प्याला कुठी हाये?"

मी तो आणला. त्यात माठातले पाणी घेतले आणि त्यांच्यापुढे ठेवला. प्रभुभोजन देण्याचा अधिकार माझा नाही, हे मी जाणतो. साध्या पाण्याचा एक घोट त्यांनी घ्यावा, उरलेला मी घ्यावा, एवढीच इच्छा होती.

त्यांनी प्याला हाती घेतला नाही. डोळे बारीक करून काठाखालचे माझे नाव वाचले.

"हा साऱ्यायचा होता, गुरुजी. तुमी घेतला, म्हनून त्यायले देता आला."

मी प्याला तसाच थोडा पुढे सरकवला.

"मले गिलासात पानी द्या."

मी स्टीलचा पेला आणून दिला. त्यांनी मान मागे टाकली आणि पाणी वरून प्यायल्या. पेल्याला ओठ लागू दिला नाही.

तुम्ही विचारता, अमरावतीत करमते का, अकोल्याच्या घराची आठवण येते का. जठारपेठेतले घर विकले, त्याचे दुःख मला फारसे नाही. माझे घर महिन्यातून एकदा, एका पितळी कडेवर होते; जेथे एस्तेरबाईंचे ओठ लागत तेथे नंतर माझे लागत. ती कड आज माझ्या टेबलावर आहे. त्या दिवशी एस्तेरबाई निघून गेल्यावर स्टीलचा पेला मी धुवायला घेतला. तो कोठेही उष्टा झाला नव्हता.