थपडेचा आवाज

विनोदी नट गंमतकाका गेला तेव्हा पेपरवाल्यांनी त्याच्यावर अर्धं पान खर्ची घातलं आणि तिच्या वाट्याला आली अर्धी ओळ: 'रंगमंचावरची आणि आयुष्यातली त्यांची सोबतीण.' सोबतीण म्हणे! मार खाऊन कान गमावलेल्या बाईसाठी एवढा गोड शब्द शोधून काढणाऱ्याला कोपरापासून नमस्कार.

नाटक कंपनीत आली तेव्हा ती विशीची होती आणि राण्यांची कामं करायची. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. काका तेव्हाच पन्नाशीला टेकला होता, पण बाहेरच्या पाटीवर त्याचं नाव लागलं की थिएटर भरायचं. नवरा-बायकोच्या भांडणाचा त्याचा एक प्रवेश होता. त्यात बायको होणारी नटी आजारी पडली आणि हिला उभं केलं. राणीची बायको झाली ती कायमची. पुढे ती त्याच्या घरीच राहायला गेली. त्याची लग्नाची बायको माहेरी होती. ती तिथे का गेली, हे हिने कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

त्या प्रवेशात काका बायकोला फटाफट थपडा मारायचा आणि लोक पोट धरधरून हसायचे. थपडा अर्थातच खोट्या. त्याचा हात तिच्या गालाच्या बोटभर अलीकडून जायचा आणि नेमक्या त्याच क्षणी ती प्रेक्षकांना न दिसणाऱ्या बाजूला, कमरेपाशी, स्वतःच टाळी वाजवायची. काका ही युक्ती मुलाखतींतून मोठ्या हौसेने सांगायचा, त्यामुळे ती शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. हेच पुढे तिच्या मुळावर आलं.

साठी उलटल्यावर काकाच्या वाक्यांना हशा कमी पडू लागला आणि थपडेनंतरच्या तिच्या चेहऱ्याला जास्त. काकाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एका संध्याकाळी ती चहा ओतत असताना त्याने तिच्या कानाखाली खरीखुरी वाजवली. किटली पायावर पडली, पाय भाजला, आणि रिकाम्या झालेल्या हातांनी सवयीने टाळी वाजवली! भिंतीपलीकडून शेजारच्या शिंप्याचं हसू ऐकू आलं.

"काका, तालीम जोरात चाललीय!"

"चाललीय, चाललीय," काका हसत म्हणाला, आणि त्याला जन्माचा परवाना मिळाला.

मग त्याने धरबंद सोडला. तिचं डोकं मोरीच्या कठड्यावर आपटलं. पुढचा एक दात पाडला. दारात बोट चेंगरलं आणि वर दार दाबून धरलं. "वाचवा हो!" म्हणून ती जिवाच्या आकांताने ओरडली की शिंपी भिंतीवर थाप मारून म्हणायचा, "वन्समोर!" शिंपी वाईट नव्हता. त्याला वाटायचं, आपल्याला फुकटात नाटक ऐकायला मिळतंय. एकदा ती पोलीस चौकीतही गेली. हवालदाराने त्या प्रवेशातली चार वाक्यं म्हणून दाखवली आणि काकाची सही मागितली.

रंगपटात तोंड रंगवून देणारी मावशी तेवढी सगळं जाणून होती. हिरवेनिळे डाग रंगाखाली तीच दडवायची.

"बाई गं, किती थापू अजून? डॉक्टर काय म्हणाला?"

"डावा कान गेला. पडदाच फाटलाय. उजव्याला जपा म्हणाला."

"मग जप ना! निघ तिथून."

निघायला वाट होती. दुसऱ्या कंपनीच्या दिग्दर्शकाने तिला राजमातेचं काम देऊ केलं होतं. पण ते काकाच्या कानावर गेलंच. तो ओरडला नाही. नखं कापता कापता म्हणाला, "उद्या माझा सत्कार होऊ दे. मग तुझा उजवाही फोडतो. बहिरी राजमाता कोण घेतं बघू." काका शब्दाचा पक्का होता.

सत्काराला थिएटर खचाखच भरलं होतं. शिंपी नवा सदरा घालून पहिल्या रांगेत. हारतुरे झाले, भाषणं झाली आणि लोकांनी तोच प्रवेश मागितला.

काकाने हात उगारला. तिने दोन्ही हात डोक्यावर उंच केले, पंजे उघडे, सगळ्यांना दिसतील असे. काकाचा हात तिच्या गालाजवळून सपकन गेला. आवाजच नाही. कुणीतरी खोकलं. काकाने पुन्हा मारली. पुन्हा काही नाही.

"काका, नेम चुकला!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळं थिएटर हसलं. काकाला हसलं. जन्मात पहिल्यांदा.

"टाळी वाजव, ए," काका दातांतून म्हणाला.

"तुम्हीच वाजवा."

ती घाबरलेली होती, पण हात तिने खाली घेतले नाहीत. काकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुठे उभे आहोत हेच तो विसरला आणि त्याने सगळं अंग फिरवून तिच्या तोंडात भडकावली. ती गुडघ्यावर आदळली. ओठ फाटून रक्त हनुवटीवरून साडीवर ओघळलं. हात तसेच वर होते. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

कुणी हसलं नाही.

पहिल्या रांगेत शिंपी उभा राहिला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"वहिनी, हा तर..." त्याने काकाच्या हाताकडे बघितलं. "हा तर रोजचा आवाज."

"हो भाऊ," ती म्हणाली. "रोजचाच."

ती उठली आणि विंगेकडे चालू लागली. काका तिच्या बरोबरीने, डाव्या बाजूने चालत, तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी ओरडत होता. पहिल्या रांगेला ते सगळं ऐकू गेलं. उजव्या कानावर तिने तळहात घट्ट दाबला होता; तिला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही.