गुळाच्या पाकाचा वास

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला आल्यावर मला पहिल्यांदा कळलं, की आपल्या पासपोर्टवर आपण नवऱ्याची बायको एवढंच असू शकतो. मुंबईत मी एसेन्सच्या कारखान्यात केमिस्ट होते. लिमलेटच्या गोळ्या, गुलाबाचं सरबत, क्रीमची बिस्किटं यांचे वास आम्ही बनवायचो. इथे माझा व्हिसा डिपेंडंट. काम करायची परवानगी नाही. गाडी एकच, ती नवरा सकाळी घेऊन जायचा. अपार्टमेंटच्या बाहेर हायवे होता आणि हायवेला फुटपाथ नव्हता. सगळं आवरून झालं तरी अकरासुद्धा वाजलेले नसायचे.

२००८च्या सुरुवातीला नवऱ्याने सिगारेट सोडायचं मनावर घेतलं. इंटरनेटवरून त्याने बॅटरीवर चालणारी सिगारेट मागवली. पेनासारखी दिसणारी, आत भरलेल्या द्रवाची वाफ करणारी. तेव्हा ती फारशी कुणी पाहिलीही नव्हती. दोन झुरके घेऊन त्याने ती टेबलावर टाकली.

"प्लॅस्टिक जाळल्यासारखं लागतंय यार. हे नाही जमणार मला."

मी तो द्रव कागदाच्या पट्टीवर टेकवून हुंगला. तंबाखूचा वास आणायचा कुणीतरी प्रयत्न केला होता आणि मध्येच सोडून दिला होता.

"मी करून बघू का?" मी विचारलं.

"कर ना," तो म्हणाला. "घरातच असतेस."

तो वाईट हेतूने बोलला नाही. पण ते वाक्य दिवसभर माझ्या कानात राहिलं.

केक-मिठाईत घालतात ते फ्लेवरचे अर्क मी ऑनलाइन मागवले. निकोटीनचं द्रावण तो हातमोजे घालून स्वतः हाताळायचा. माझ्याकडे फक्त चवीचं काम होतं. तेलातले अर्क मी बाजूला काढले, तेल फुप्फुसात जाऊन चालणार नाही म्हणून. स्ट्रॉबेरी फसली, खोकल्याच्या औषधासारखी झाली. कॉफी कडवट झाली. मी स्वतः ओढत नव्हते, त्यामुळे पट्टीवरचा वास वाफेत कसा लागेल याचा अंदाजच बांधावा लागे. तरी ड्रॉपर हातात आला की माझी पाठ आपोआप ताठ व्हायची.

मग मी गूळ करायचं ठरवलं. गुळाचा अर्क काही मिळत नव्हता. कॅरॅमल घेतलं, लोण्याचा वास घेतला, काकवीसारखं काहीतरी सापडलं ते घेतलं. गोड झालं, पण गूळ होईना. बडीशेपेचा अगदी पुसटसा थेंब घातला आणि बाटली आठवडाभर कपाटात ठेवली. बाहेर काढून हुंगली, तर कढईत चिक्कीसाठी पाक चढवल्याचा वास आला. मी ओट्याला टेकून उभी राहिले. कुणाला तरी दाखवावंसं वाटत होतं, आणि संध्याकाळपर्यंत घरात कुणी येणार नव्हतं.

नवऱ्याला तो आवडला. त्याच्या ऑफिसातला एक अमेरिकन सहकारीही सिगारेट सोडायच्या मागे होता. त्याला एक बाटली दिली, तर त्याने ती आपल्या बहिणीला दाखवली. बहीण एका छोट्या फ्लेवर कंपनीत लॅबची प्रमुख होती. तिने फोन करून मला बोलावलं.

नवऱ्याने सुट्टी टाकून मला तिथे सोडलं आणि तो पार्किंगमध्ये बसून राहिला. लॅबचं दार उघडलं तसा मुंबईच्या कारखान्यातला तोच जुना, मिसळलेला वास अंगावर आला. त्या बाईंनी माझ्या गुळाची पट्टी नाकाशी धरली. पन्नाशीच्या असाव्यात, चष्मा केसांत खोवलेला.

"हे मेपल सिरप नाही," त्या म्हणाल्या. "खाली काय आहे?"

"बडीशेप. कळू नये इतकीच."

त्यांनी डोळे मिटून पुन्हा हुंगलं. मग मला वेगवेगळ्या वासांच्या काही पट्ट्या दिल्या. मी एकेक ओळखत गेले. शेवटी त्या म्हणाल्या, "सोमवारपासून येशील?"

मी व्हिसाचं सांगितलं. कंपनीने अर्ज करायचा म्हटलं तरी त्या वर्षीचा वर्क व्हिसांचा कोटा भरून गेला होता. त्या म्हणाल्या, "पेपर्स झाले की मला फोन कर."

गाडीत मी नवऱ्याला म्हटलं, "पगार नको. नुसती जाऊन बसते."

"फुकट काम केलं तरी ते कामच धरतात. लॉयरला विचारलंय मी. काही झालं तर माझाही व्हिसा जाईल, मग दोघंही घरी." त्याने सिग्नलला गाडी थांबवली. "ग्रीन कार्ड येऊ दे ना. तोपर्यंत घरच्यासाठी कर."

"घरच्यासाठी किती गूळ करू?"

सिग्नल सुटला, त्याने गाडी पुढे काढली. त्याचंही खोटं नव्हतं, म्हणून मला कुणावर रागावावं तेच कळेना. घरी आल्यावर मी खिडकी उघडायला गेले. ती वीतभरच उघडायची, तशीच बनवलेली होती.

त्या वर्षाअखेरी बाजार कोसळला आणि नवऱ्याचा प्रोजेक्ट कॅन्सल झाला. पार अॅरिझोनात, चँडलरला दुसरं काम मिळालं ते नशीबच. सामान बांधताना मी नवऱ्याच्या त्या अमेरिकन सहकाऱ्याला बोलावलं आणि सगळे अर्क त्याला देऊन टाकले. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून गूळ कसा जमवायचा ते त्याला दाखवलं. त्याचा हात जड होता, बडीशेप भसकन पडली. मी ड्रॉपर त्याच्या हातातून काढून घेतला आणि नव्याने सुरुवात केली.

"तू हे तिकडे का नेत नाहीस?" त्याने विचारलं.

"तिकडेही व्हिसा हाच आहे," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि खोका उचलला. मी लिफ्टपर्यंत त्याच्याबरोबर गेले. बाटल्या आडव्या होऊ देऊ नकोस, असं सांगितलं. परत येऊन उरलेली भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला बसले.