तळहातावरचा कसुंबा

नशाबंदीची पत्रकं मी लिहितो, मीच छापून आणतो आणि सराफ्यात उभा राहून वाटतो. तिथले फरसाणवाले त्यात शेव बांधून देतात. तो राग वेगळा. इथं माझ्या मोठ्या भावाबद्दल लिहायचंय, कारण त्याचं जे झालं ते माझ्यामुळे झालं, आणि पत्रकात ते मावत नाही.

दादा संस्थानच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात होता. आमच्या घरात चार पिढ्या हीच नोकरी. संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य झालं, रिसाला मोडला, आणि दादाजवळ राहिली फक्त अफू. ती आधीही होतीच. पण घोड्यावर बसणाऱ्याची अफू कुणाला दिसत नाही, घरी बसणाऱ्याची दिसते. वहिनी मुलीला घेऊन माहेरी निघून गेली, गौतमपुऱ्याच्या अलीकडे एका गावात. मग आईनं दादाला नर्मदेकाठच्या एका आश्रमात नेऊन सोडलं. तिथले महाराज अफू सोडवतात. औषधबिवषध काही नाही. पहाटे नदीत स्नान, दिवसभर नामजप, गोठ्यातली कामं, आणि अंग मोडून यायला लागलं की आठ जण भोवती बसून भजन म्हणतात. मला ते सगळं थोतांड वाटायचं. सहा महिन्यांनी दादा गळ्यात तुळशीची माळ घालून, शुद्धीत, परत आला तेव्हा तो शब्द मी मागे घेतला.

पण परत आलेल्या माणसाचं करायचं काय, हे आश्रमात कुणी शिकवत नाही, आणि आमच्या पत्रकातही ते नाही. स्नेहलतागंजातल्या आमच्या दोन खोल्यांत तो चारला उठून जपाला बसायचा. जप संपायचा तेव्हा सहाच वाजलेले असायचे. पुढचा अख्खा दिवस तसाच पडलेला. शेजारी डोकावून विचारायचे, "क्यों भिया, सच्ची में छूट गई?" मीही काही कमी नव्हतो. दर रविवारी त्याला नशाबंदीच्या सभेला न्यायचो, मंचावर उभा करायचो, लोक टाळ्या वाजवायचे. एकदा परतताना तो म्हणाला, रिसाल्यात घोडा विकायला काढला की असाच दात दाखवत फिरवायचे. मी ते हसण्यावारी नेलं.

त्याला एकच हवं होतं. वहिनी आणि मुलगी घरी यायला हव्या होत्या. त्यानं पत्र धाडलं, आणि सासऱ्यांचं उत्तर आलं की या, घेऊन जा, पण रीतीनं. रीत म्हणजे कसुंबा. इकडे भांडण मिटवायचं तर अफू पाण्यात घोळून कापडातून गाळतात, वडीलधारा माणूस ती आपल्या तळहातावर घेतो, आणि समोरच्यानं त्याच हातातून प्यायची. रीत रजपुतांची, पण माळव्यात राहून आम्हा मराठ्यांचीही झाली. पुढे आलेला हात नाकारला की वैर जन्माचं.

दादानं तोड काढली होती. सासऱ्यांना आधीच निरोप धाडून कबूल करून घेतलं होतं की तो बोट बुडवेल, कपाळाला लावेल, बस्स. माळकऱ्याला एवढी सूट मिळते. मोटारीत त्यानं मला हे सांगितलं आणि म्हणाला, "तू फक्त एक तास गप्प बस." मी हो म्हटलं. मनात म्हटलं, ही कसली तोड, विषाचाच टिळा ना.

ओसरीवर गावातले पंधरा-वीस जण जमले होते. दाराआड वहिनी उभी होती, ट्रंक बांधून तयार. सासऱ्यांनी तळहात पुढे केला. शेजारचा एक म्हातारा हसत म्हणाला की माळ घातली म्हणून काय झालं, घोटभर चालतंय, देव थोडाच बघायला आलाय. दादा त्याला उत्तर देणार नव्हता. मी दिलं. उभा राहिलो आणि पत्रकच म्हणायला लागलो, तोंडपाठच होतं. घरोघर विष पाजणारे, बायकापोरांच्या तोंडचा घास काढणारे, सगळं. शेवटी पत्रकात नसलेलंही बोललो. "जावयाला मारायला हात पुढे करता, लाज नाही वाटत?"

सासऱ्यांनी हात मागे घेतला नाही. बोटांमधून पाणी त्यांच्या धोतरावर ठिबकत होतं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते दादाकडे पाहत राहिले.

आता बोट बुडवून भागणार नव्हतं. दोन मिनिटांपूर्वी ती माळकऱ्याची अदब ठरली असती. माझ्या भाषणानंतर तेच त्यांच्या हातावर थुंकण्यासारखं झालं असतं, त्यांच्याच ओसरीवर, सगळ्या गावासमोर. दादाला हे माझ्याआधी कळलं. त्यानं माळ काढून माझ्या हातात दिली, वाकला, आणि त्या तळहातात होतं तेवढं सगळं प्यायला.

परतीच्या मोटारीत तो खिडकीशी बसून नाक चोळत होता, डोळे अर्धे मिटलेले. आश्रमातून आल्यापासून त्याचा चेहरा इतका सैल मी पाहिला नव्हता, आणि तेच मला बघवेना. मुलगी त्याच्या मांडीवर झोपली होती. वहिनी म्हणाली, "भावजी, बोला ना आता काहीतरी. तिकडं तर एकदम मस्त बोललात." मी हातातली माळ खिशात टाकली.

एकदाच घेतली, असं दादा पंधरा दिवस म्हणत होता. मग ते म्हणणंही सोडलं. आता सकाळी वहिनीच वाटाण्याएवढी गोळी त्याच्यापुढे ठेवते, कारण त्याशिवाय तो उठत नाही, आणि तो उठला नाही की मुलगी रडते. वहिनीला समजवायला गेलो तर म्हणाली, तुम्हाला सभेला उशीर होतोय.

मी आश्रमात जाऊन आलो. महाराज रागावले नाहीत, तेवढंही सुख त्यांनी दिलं नाही. म्हणाले, परत घेऊ, पण आपल्या पायानं यायला हवं. आणून सोडलेला माणूस आम्ही एकदाच घेतो. घरी येऊन दादाला सांगितलं. म्हटलं, उद्याच निघू, मी येतो बरोबर.

तो म्हणाला, "जाईन. पण तू येऊ नकोस. तू असलास की मला कुणाची तरी अब्रू राखावी लागते."

याला चार महिने होत आले. मी परत विचारलेलं नाही. विचारलं तर तो माझं मन राखायला उठेल, नदीपर्यंत जाईल आणि अर्ध्यातून परत येईल, हे मला दिसतंय. म्हणून सकाळी बाहेर पडताना फक्त त्याच्या चपला दाराशी आहेत की तो एकटाच त्या घालून निघून गेलाय ते बघतो. असतात.