चार पट

फिटरमामांनी पस्तीस वर्षं पंपाच्या कारखान्यात नट आवळले. एकदा आवळलेल्या नटाला पुन्हा पाना लावायचा नाही आणि एकदा बोललेलं वाक्य पुन्हा बोलायचं नाही, हा त्यांचा खाक्या. निवृत्तीनंतर ते गोदामावरच्या खोलीतल्या बुद्धिबळ क्लबाचे सचिव झाले. तिथेही तेच.

क्लबाची सगळ्यात पक्की खेळाडू त्यांची धाकटी बहीण. दवाखान्यात परिचारिका. भाऊ-बहीण राष्ट्रीय सांघिक स्पर्धेत एकदाही एका संघातून खेळले नव्हते. दरवर्षी तिची ड्यूटी आडवी यायची. यंदा तिला रजा मिळाली. पण पुढच्या महिन्यात तिची बदली होती, म्हणजे संधी ही एकच.

अट अशी, की आठ क्लब भरले तरच गावात पहिली फेरी. नाहीतर गट रद्द. मामांनी सात क्लबांना पत्र धाडलं: "स्पर्धेला यावे. चार पट आवश्यक. शनिवारपर्यंत कळवा." चार जुन्या क्लबांचा होकार आला. छापखाना, लॉन्ड्री आणि बेकरी या स्पर्धेत कधीच न खेळलेल्या तीन क्लबांनी मात्र तोंडात मिठाची गुळणी धरली. गुरुवारी मामांनी सायकल काढली.

छापखान्याचा फोरमन यंत्राखालून बाहेर आला.

"खेळता की नाही?" मामांनी विचारलं.

"चौघं एका पायावर तयार आहेत. घोडं अडलंय पटांवर. तुम्ही चार मागितलेत, आमच्याकडे दोनच. त्यातला एक डगमगत्या टेबलाखाली लावलाय."

"अहो, पट म्हणजे खेळाडू! पहिल्या पटावर एक, दुसऱ्यावर एक. चार पट म्हणजे चार माणसं. सोंगट्या आणि मांडायचे पट आम्ही देणार."

"मग माणसं लिहायचं ना! शाई संपली होती?"

मामांनी पेडल मारलं. सायकल लॉन्ड्रीकडे वळली. तिथल्या मावशींनी इस्त्रीच्या जुन्या चादरीवर दोन पट रंगवून वाळत घातले होते. तिसरा चालू होता. मामांनी वाकून घरं मोजली.

"एका रांगेत नऊ आहेत."

"आधी या म्हणायचं, मग चुका काढायच्या!" मावशींनी ब्रश त्यांच्याच हातात दिला. मामांनी खरा अर्थ सांगितला तेव्हा त्या मटकन खुर्चीत बसल्या. "दोन दिवस माझी पाठ मोडली हो! आता येणारच. राग काढायला येणार."

बेकरीवाला कणकेच्या हातांनीच दारात आला. "मामा, आम्ही चौघं. चौघांच्या चार पट म्हणजे सोळा. सोळा माणसं आणू कुठून? पावाला डोळे लावू?"

हे मामांच्या ध्यानीमनी नव्हतं. आपल्याच तीन शब्दांकडे ते पहिल्यांदा परक्या नजरेने बघत राहिले.

घरी बहिणीने सगळं ऐकलं आणि पोट धरून हसली. "दादा, नट आवळलेस ते ठीक. वाक्य एवढं आवळलं की त्याचा आटा जातो."

"कामाचं तेवढं लिहिलं होतं."

"समोरच्याला कळेपर्यंत काम झालं म्हणतात का रे?"

हे मात्र मामांना पटलं. अर्धवट काम त्यांनी कधी कुणाचं खपवून घेतलं नव्हतं. त्यांनी दोन पानी पत्र लिहिलं, तिन्ही ठिकाणी स्वतः वाचून दाखवलं आणि समोर उभं राहून अर्ज भरून घेतले. शनिवारी दुपारी आठवा क्लब भरला.

फेरीच्या दिवशी बहीण पहिल्या पटावर, मामा दुसऱ्यावर. समोर लॉन्ड्री. बहीण जिंकली. मामांना मावशींनी अक्षरशः धुतलं, वर इस्त्रीही केली. तीन-एकने संघ बाहेर.

जिना उतरताना बहीण म्हणाली, "एकदाच खेळलो, तेही हरलो."

"बदलीच्या गावी क्लब आहे?"

"नाही रे. तिथे कुणाला साधा उंट चालवता येत नाही."

"मग शिकव. वर्ष आहे हातात." मामांनी सायकलचं कुलूप काढलं. "पुढच्या वेळी तुझ्या संघाशी खेळू. आणि बसून राहू नकोस, सोमवारपासूनच लाग."

"अगं बाई, सामान तरी लावू दे!"

"मंगळवारपासून," मामा म्हणाले. एवढी सवलत त्यांनी आयुष्यात कुणाला दिली नव्हती.