आन्सेल्मचे मुके शिट्टीवाले

जुलै निम्मा सरला की आमच्या कायो गावात पुरुषमाणूस घरात सापडणं मुश्कील. बायको दारातून हाका मारतेय आणि हा तिकडे खाडीच्या गवताळ कुरणात, शिकारीच्या खोपीच्या छपरावर मातीची ढेकळं बसवतोय. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी बदकांच्या शिकारीचा मोसम उघडतो. त्या एका शनिवारासाठी गाव महिनाभर असं राबतं, की तेवढ्या कष्टात एखाद्यानं दुसरं घर बांधलं असतं. तळ्यातला गाळ उपसायचा, काठचं गवत कापायचं, उंदरांनी कुरतडलेली गादी फेकून नवी न्यायची, चुलीचं धुराडं झाडायचं. आणि हे सगळं करून झालं की खरं काम, हाळीची बदकं निवडायची.

ही बदकं घरच्या परसात पाळलेली असतात. खोपीसमोरच्या तळ्यात पायाला दोरी बांधून सोडली, की ती आभाळातल्या रानबदकांना हाळी घालतात आणि वरची खाली उतरतात. बंदूक काय, कुणीही उडवतो. आमच्याकडे माणसाची पत ठरते ती त्याच्या बदकांच्या गळ्यावरून. कुणाची बदकी लांब ओरडते, कुणाची तोडून तोडून बोलते, कुणाची वेळेवर गप्प बसते, हे इथं पोराबाळांची नावं सांगावीत तसं लोक सांगतात.

आन्सेल्मची पत या बाबतीत मोठी होती. वय सदुसष्ट. छत्तीस वर्षं कुलपांच्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर काढलेली, दिवसभर धडाड धडाड. जेर्वे नावाच्या जिवलग मित्राबरोबर त्याची खोप भागीदारीत होती, वार वाटून घेतलेले, आणि शनिवार आन्सेल्मचा. अडतीस वर्षं, मोसमातला एकही शनिवार त्यानं चुकवला नव्हता. स्वतःच्या मेव्हण्याच्या लग्नातून केक कापायच्या आधी उठून आला होता. बायको ओदिल ते अजून विसरलेली नाही.

पण खरं सांगायचं तर बदकांच्या मांसाचं त्याला फारसं काही नव्हतं. त्याचा जीव होता शिट्टीवाल्यांवर. तांबूस डोक्याचं, कपाळावर पिवळा पट्टा असलेलं हे बदक, ऑक्टोबरच्या पहिल्या गारठ्यात उत्तरेकडून येतं. बाकीची बदकं बोंबलतात, हा शिट्टी घालतो. बारीक, वर चढणारी आणि शेवटी खाली घरंगळणारी. काळोखात काही दिसत नाही, वारा असतो, भरतीचा वास असतो, आणि एकदम डोक्यावरून ती शिट्टी जाते. आन्सेल्म म्हणायचा, "ती ऐकली की मला वाटतं, कुणीतरी माझी विचारपूस करत गेलं." असलं बोलणं त्या माणसाच्या तोंडी एरवी यायचं नाही.

आणि गेले दोन हिवाळे शिट्टीवाले आलेच नव्हते.

ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला, जानेवारीत तळ्यावर बर्फाची साय धरली, तरी एक शिट्टी नाही. आन्सेल्म बारमध्ये बसून तावातावानं बोलायचा. हॉलंडवाल्यांनी दाणा टाकून अडवून ठेवलेत, हवाच बिघडलीय, खाडी गाळानं भरून मेली, आता इथं कोण मरायला येणार! बाकीचे आपापल्या पेल्यात बघायचे. कुणी वाद घालत नसे, आणि वाद घालणं हा ज्या गावचा दुसरा धंदा, तिथं हे नवलच होतं. आन्सेल्मला वाटायचं, सगळ्यांनाच दुःख झालंय.

त्यात घरचे शिट्टीवाले मुके व्हायला लागले. पाच नर होते त्याच्याकडे, गावातल्या पाच मानकऱ्यांची नावं दिलेले. आधी नोटरीचा आवाज गेला. सकाळी दाणा टाकला की चोच उघडायचा, मान वर करायचा, आणि नुसती हवा! मग पोस्टमास्तरचा, मग सरपंचाचा, मग मास्तरचा. आन्सेल्मनं दाणा बदलला, पाणी बदललं, खुराड्यावर नवं छप्पर घातलं. मग ओदिलवर घसरला.

"तू शिळा पाव टाकतेस त्यांना. घसे बसले त्यानं."

"माझ्या पावानं कुणाचा घसा बसला असता, तर सगळ्यात आधी तुझा बसला असता," ओदिल म्हणाली.

मुकी बदकं पोसून काय करायची? एकेक करून त्यानं ती जेर्वेला देऊन टाकली. जेर्वे ती घ्यायचा. "असू दे, शोभेला होतील," एवढंच. आता उरला होता पाद्री, अकरा वर्षांचा, सगळ्यांत जुना. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाद्रीनंही चोच उघडली आणि आवाज आला नाही.

त्या दिवशी आन्सेल्मनं हातातलं काम खाली ठेवलं. खोपीचं छप्पर अर्धं झालं होतं, ते तसंच राहिलं. जेवताना ओदिलला म्हणाला, "मी शनिवार सोडतो."

ओदिलनं चमचा खाली ठेवला. "म्हणजे?"

"म्हणजे माझा वाटा जेर्वेला. ज्या आभाळात शिट्टी नाही, त्याच्याखाली बसून काय करू? हिरव्या डोक्याची बदकं मारायला? ती बाजारातही मिळतात." मग जरा वेळानं, ताटाकडे बघत, "एकदा ऐकायची होती गं अजून. एकच हिवाळा. मग सोडलं असतं खुशीनं."

 ओदिलनं उठून त्याच्या ताटात बटाटे वाढले, त्यानं मागितले नसताना.

गुरुवारी सकाळी पाद्रीला टोपलीत घालून, टोपली सायकलच्या मागे बांधून तो जेर्वेकडे निघाला. दोन कामं होती. बदक द्यायचं आणि शनिवार द्यायचा. वाटेत चार वेळा त्याला वाटलं परत फिरावं. पण आन्सेल्म एकदा बोलला की बोलला, त्या बाबतीत तो खेचर आहे.

जेर्वेच्या अंगणात त्याची बहीण क्लेमांस कपडे वाळत घालत होती. तिचा नवरा वारल्यापासून भावाकडेच असते. तोंडाची फटकळ, मनात काही ठेवायचं नाही, ठेवलं तर पोटात दुखतं. आन्सेल्मला बघताच तिनं चिमटे दोरीवर आपटले.

"बरं झालं आलास! घेऊन जा बाबा तुझी ही वरात. पहाटे चारला सुरू होतात मेले. शिट्ट्या, शिट्ट्या, शिट्ट्या! माझं डोकं उठलंय."

आन्सेल्मला वाटलं, थट्टा करतेय. "हसून घे. मुक्यांची थट्टा करायला काय लागतं?"

"मुके?" क्लेमांसनं कमरेवर हात ठेवले. "मुके म्हणे! आणि हा टोपलीतला कोण? रस्त्याच्या वळणापासून ऐकतेय मी त्याला. टोपलीतसुद्धा गप्प बसवत नाही मेल्याला!"

जेर्वे दारात येऊन उभा होता. बहिणीला गप्प करायला त्यानं हात वर केला होता आणि तो तसाच हवेत राहिला होता. आन्सेल्मनं आधी तो हात बघितला, मग जेर्वेचा चेहरा.

सायकल भिंतीला टेकवून त्यानं टोपलीचं झाकण उघडलं. जुलैत पिसं झडून हे नर मादीसारखे मळकट दिसतात, पाद्रीही तसाच दिसत होता. त्यानं मान वर केली, चोच उघडली, गळा थरथरला. खुराड्यातल्या नोटरीनं मान वर केली. मग पोस्टमास्तरनं. मग उरलेल्या दोघांनी. पाच चोची उघडत होत्या, मिटत होत्या, आणि क्लेमांस बोटं कानात घालून म्हणत होती, "हे बघ! हे बघ!" तिचं बोलणं त्याला स्वच्छ ऐकू येत होतं. मधूनमधून एक कोंबडाही. बाकी काही नाही.

"जाड आवाज ऐकू येतात तुला," जेर्वे हळूच म्हणाला. "बारीक गेले. प्रेसवाल्यांचं होतं असं. आमच्या थोरल्या भावाचं झालं होतं."

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरपासून. आपण दोघं होतो खोपीत. शिट्टीवाल्यांचा थवा आला, शंभरेक असतील, अगदी छपरावरून. आणि तू माझ्याकडे वळून म्हणालास, 'काय शांत आहे रे आज.'"

आन्सेल्मनं टोपलीचं झाकण लावलं.

"आणि तू सांगितलं नाहीस."

"मला वाटलं ओदिल सांगेल. असल्या गोष्टी बायकोनं सांगाव्यात." जेर्वे खुराड्याकडे बघत राहिला. "ही बदकं मी तुझ्यासाठीच ठेवलीत, आन्सेल्म. गेला हिवाळाभर तुझ्या शनिवारी मीच नेऊन बांधत होतो. तुला वाटायचं, मी शोभेला बांधतो."

आन्सेल्म शनिवारबद्दल एक अक्षर न बोलता निघाला. पाद्री टोपलीतच, टोपली सायकलवर. पण सायकलवर तो बसला नाही, चालतच आला. रागावला होता का? होता. पण रागाच्या खाली दुसरंच काही उसळत होतं, आणि त्याला ते नाव देऊन सांगता आलं नसतं. म्हणजे ते आले होते. दोन्ही हिवाळे आले होते. खाडी मेली नव्हती, हॉलंडवाल्यांनी कुणाला अडवलं नव्हतं. तो बाहीनं तोंड पुसत चालला होता, आणि समोरून येणाऱ्या पाववालीनं नमस्कार केला तो त्याला दिसलाही नाही.

ओदिल मागच्या पायरीवर शेंगा सोलत बसली होती. टोपली परत आलेली बघून तिला कळलं, याला कुणीतरी सांगितलंय.

"आले होते?" त्यानं उभ्यानंच विचारलं. "शिट्टीवाले. आले होते का? खरं सांग."

"आले होते."

"या हिवाळ्यातही?"

"जानेवारीभर. रोज. घरावरून जायचे." शेंग तिच्या हातात तशीच राहिली. "एकदा तू पहाटे परत आलास, दारात बसून बूट काढत होतास आणि म्हणत होतास, संपलं सगळं, आभाळ रिकामं झालं. आणि तेव्हा ते वरून चालले होते, आन्सेल्म. तुझ्या डोक्यावरून. मी दिवा हातात धरून उभी होते आणि मला दोन्ही ऐकू येत होतं, तुझं आणि त्यांचं."

तो पायरीवर तिच्याशेजारी बसला. गुडघे करकरले, ते त्यालाच जाणवले.

"मग बोलली का नाहीस?"

"एकदा तुझ्या कानांचा विषय काढला होता, तर तीन दिवस तू माझ्याशी बोलला नव्हतास."

"ते एकदा. पुढची दोन वर्षं?"

ओदिलनं शेंगांचं भांडं बाजूला सारलं. तिचे कान लाल झाले होते.

"सांगते. मग हवं तर सहा महिने बोलू नकोस. मला वाटलं, नाही आले शिट्टीवाले, तर तू कंटाळशील. कंटाळून शनिवार सोडशील. अडतीस वर्षं, आन्सेल्म. ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत, दर शनिवारी या घरात मी आणि घड्याळ. तू नुसता घरी असावास, पेपर वाचत का असेना, म्हणून मी तोंड मिटून बसले. परवा तू खरंच म्हणालास, सोडतो, तेव्हा माझा जीव हरखला. आणि मग तू म्हणालास, एकच हिवाळा ऐकायची होती. तेव्हापासून मला जेवण जात नाहीये."

आता हा ओरडेल, असं तिला वाटत होतं. आन्सेल्म ओरडणाऱ्यांपैकीच आहे, अख्ख्या गल्लीला माहीत आहे. पण तो टोपलीच्या झाकणावर हात ठेवून बसून राहिला. अडतीस वर्षांचे शनिवार किती होतात याचा हिशेब त्यानं कधी केला नव्हता, आणि आताही त्याला तो करायची हिंमत झाली नाही.

"कधी म्हणाली नाहीस," शेवटी तो म्हणाला.

"तू कधी घरी होतास विचारायला?"

आन्सेल्मनं तिच्या पायाशी पडलेलं एक साल उचलून भांड्याशेजारी ठेवलं. 

"ॲबव्हिलला कानाचा डॉक्टर आहे," ओदिल म्हणाली. "यंत्र देतात. पुष्कळजण लावतात."

"लावू. त्यातून आली शिट्टी तर आली." त्यानं टोपलीचं झाकण वर केलं. पाद्री आत मान वर करून बसला होता, चोच उघडी. आन्सेल्म त्याच्याकडे बघत राहिला. "आता ओरडतोय?"

"हो."

"कसा?"

ओदिलनं ऐकलं. इतकी वर्षं दाणा टाकून टाकून तिनं या बदकांना शिव्याच दिल्या होत्या, त्यांचं कधी असं बसून ऐकलं नव्हतं. "वर जातो," ती म्हणाली, "आणि मग खाली सोडून देतो. शेवटचं जरा लांबवतो."

"तोच," आन्सेल्म म्हणाला. "तसाच घालायचा तो. पहिल्यापासून."

त्यानं टोपलीचं झाकण लावलं. "ऑगस्टात काही शिट्टीवाले येत नाहीत. ते ऑक्टोबरात. पहिला गारठा पडला, की त्या शनिवारी तू चल खोपीत."

"मी?" ओदिल हसली. "बायका नसतात म्हणायचास ना तिथं? गादी लहान आहे म्हणायचास."

"नवी घेऊ गादी. हसू नकोस. तू चल."

"आणि मी काय करायचं तिथं? बंदुकीला मी हात लावणार नाही, सांगून ठेवते."

"बंदूक नाही. माझ्या शेजारी बसायचं. आणि ते आले की सांगायचं मला, आले म्हणून."

ओदिलनं भांडं परत मांडीवर घेतलं, एक शेंग उचलली, पण ती सोलली नाही.

"आणि नाहीच आले तर?"

"तर नाही म्हण," आन्सेल्म म्हणाला. "मी ऐकेन तुझं."