दाराआडून ऐकलेला घास

लेक सहा महिन्यांची झाली, त्या थंडीतलं सगळं मला वाफेतून पाहिल्यासारखं आठवतं. वैनगंगेवरून येणारं धुकं ऊन चढेपर्यंत अंगणातच रेंगाळायचं. गॅसवर पेज रटरटत असायची, तांदळाचा वास घरभर फिरायचा आणि मांडीवर पोरगी अर्धे डोळे मिटून दूध प्यायची. पिता पिता ती झोपायची, तिला पाहता पाहता मीही. जागं कोण आणि झोपेत कोण, काही कळायचं नाही. असे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत.

पण त्या गुंगीत एक काटा होता. माझी शाळा बैहरच्या वाटेवर, घाटातल्या एका गावात. बाळंतपणाची सुट्टी संपत आली होती. सोमवारपासून सकाळच्या बसनं जायचं आणि दिवेलागणीला परतायचं. तोवर पोरीनं खायचं काय? बाटली तोंडाजवळ नेली की ती अशी किंचाळायची, जशी काही मी तिला विषच पाजते आहे. वरचं खायला शिकली तर मी कामावर, नाही तर नोकरीवर पाणी सोडायचं. ही नोकरी मी लग्नाआधी डोळे फुटेस्तोवर अभ्यास करून मिळवली होती.

उष्टावण रीतसर झालं होतं. आमच्याकडे पहिला घास मामानं चारायचा. माझा भाऊ गोंदियाहून नवा शर्ट घालून आला. बुद्धवंदना झाली. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चिन्नौर तांदळाची खीर केली होती; त्या वासावर शेजारीण न बोलावता आली. भावानं चमच्यानं घास भरवला. पोरीनं तो क्षणभर तोंडात धरला, मामाकडे नीट पाहून घेतलं आणि फुर्रर्र करून सगळा त्याच्या शर्टावर परत केला. "घे, भाचीनं आहेर केला!" म्हणत सगळे हसले. मीही हसले. तेव्हा दिवस हातात होते.

मग ते सरले. मऊ भात झाला, वरणाचं पाणी झालं, कुस्करलेलं केळं झालं, शिजवलेला भोपळा झाला. मी समोर बसून आ करून दाखवायची, टाळ्या वाजवायची, मोबाइलवरच्या बाया सांगतात ते सगळं करायची. ती भिंतीकडे मान वळवायची, नाही तर माझ्या पदराला झोंबायची. नवरा भरवेलीच्या खाणीतून ड्यूटी करून आला की "खा ले बेटा, खा ले ना" म्हणून विनवायचा. आमच्या घरात लाड का कोण जाणे हिंदीतच होतात.

शनिवारी दुपारी माझा पारा चढला. पेजेचा चमचा तिनं हातानं उडवला आणि मी ओरडले, "काय करू आता मी तुझं!" तिनं भोकाड पसरलं. आई तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला सारून म्हणाल्या, "तुहीच दीठ लागते पोरीले."

माझा कानांवर विश्वास बसेना. आमच्या घरात कोणी मीठ-मिरच्या ओवाळत नाही, बाळाच्या गालाला काळा ठिपका लावत नाही. हे सगळं बंद केलं ते याच बाईनं, तेही अख्ख्या मोहल्ल्याशी भांडून.

"माझी? आईची दृष्ट? अहो, तुम्हीच ना म्हणता असलं काही मानू नये!"

"मानत नाही व मी. पण तू वाघिणीवानी पाहून राह्यली तिच्याकडं. घाबरन का गिळन ते लेकरू? जाय बाहेर. जाय म्हणलं ना!"

"जाते! भरवा तुम्हीच!"

दार आपटून मी बाहेर आले आणि पायरीवर बसले. रागानं कान तापले होते. मोठ्या आल्या दीठ सांगणाऱ्या!

अंगणात ऊन पसरलं होतं. समोरच्या छतावर कुणाची तरी गोधडी वाळत होती. आतलं रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं, मग तेही थांबलं. आई गुणगुणत होत्या. शब्द नव्हते, नुसता सूर होता. माझे डोळे जड झाले. भिंतीला डोकं टेकलं, आणि त्या सुराखालून चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला. थोडं थांबून पुन्हा आला. मग अगदी बारीक, ओलं मचमच. मी श्वास रोखला. पुन्हा मचमच.

"हौ माय, हौ. घे अजून," आई म्हणत होत्या.

मला आनंद झाला. इतका, की तोंडावर पदर दाबून मी रडले. नोकरी वाचली, पोरगी उपाशी राहणार नव्हती. आत धावावंसं वाटत होतं, पण माझी चाहूल लागली तर ती तोंड मिटेल, या धाकानं वाटी खरवडल्याचा आवाज येईपर्यंत मी चोरासारखी बसून राहिले.

"ये आता," आईंनी हाक मारली.

पोरीच्या हनुवटीवर, भुवईवर, कानातसुद्धा पेज होती. मला पाहून ती खुदकन हसली, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. तिची दुधाची वेळ झाली होती, दूध दाटून आलं होतं. मी तिला उचललं, पदराखाली घेतलं आणि नेहमीसारखे डोळे मिटले.

तिनं मान फिरवली. पोट भरलं होतं तिचं, माझ्यावाचून, पहिल्यांदाच.