उतारा झाला, सापळा राहिला

दुष्काळाच्या त्या वर्षांत शहर हर्सूलच्या पुढं सरकत होतं, पण उन्हाळ्यात स्लॅब टाकायला पाणी नसायचं. माझा धंदा सेंट्रिंगचा, म्हणजे स्लॅबखाली लावायच्या लोखंडी प्लेटा आणि बल्ल्या भाड्यानं देण्याचा. कामं थांबली की सगळा माल आवारात परत येऊन पडायचा. अशा रिकाम्या दुपारी माझा मेहुणा फासे घेऊन यायचा.

तो कंपनीत इंजिनिअर. बंगळुरूला असताना हा खेळ शिकून आला होता. एकजण गोष्ट सांगतो, वाटेतली संकटं मांडतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि अवघड काही करायचं असलं की वीस बाजूंचा फासा टाकतात. गोष्ट मेहुणा सांगायचा. माझी बायको तलवारवाली झाली. मी मंत्र जाणणारा मेंढका झालो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरंच, मला दुसरं काय सुचणार? धंद्यात मी जे कमावलं ते भांडून कमावलं. हा मेंढका मात्र मी जपून, सावकाश मोठा केला होता. तो मेला तर संपला, त्याच्या जागी दुसरा कोणी येणार, हे खेळाच्या पहिल्याच दिवशी ठरलं होतं.

बाजारात जनावराचा भाव टॉवेलखाली बोटं दाबून ठरतो, शेजारच्याला कळत नाही. ती रीत मी खेळात आणली. फाशावर किती पडलं तर जमलं म्हणायचं, ते मी आणि मेहुणा टॉवेलखाली ठरवायचो.

"माझ्या भावाला तरी सोडा की," बायको म्हणायची.

त्या दुपारी आम्ही गोष्टीतल्या एका भुयारात होतो. पुढच्या उंबऱ्याच्या दगडात जाळाच्या मंत्राचा सापळा कोरलेला होता. पाय ठेवणारा जळायचा. दुसऱ्याचा मंत्र उतरवण्याची विद्या माझ्या मेंढक्याकडं होती. आम्ही तिला उताराच म्हणायचो. टॉवेलखाली बोटं दाबली. अकरा ठरले, चौदा पडले.

"झालं. आता जाळ नाय. चला," मेहुणा म्हणाला.

बायको पलीकडं गेली. मी उंबऱ्यावर पाय ठेवला आणि राखणदाराचं भूत आडवं आलं. पलीकडं जायचं तर मेंढक्याच्या आयुष्यातली दहा वर्षं मागायला लागलं. मी एक म्हणालो.

"सहा," मेहुणा भुताच्या आवाजात.

"दोन. वर एक मेंढी."

"भुतानं मेंढी कुठं बांधायची, दाजी?"

"अहो, द्या आन्‌ या इकडं," बायको म्हणाली. "ती जागा बरी नाय."

"थांब गं. ढिला पडलाय तो."

मी अडीचवर अडून बसलो. मेहुण्यानं चहाचा कप खाली ठेवला. "दाजी, पायाखालचा दगड तापला. जाळ उठला. फासा टाका."

चार पडले.

"गेला मेंढका."

"उतारा झाला होता की!"

"झाला होता. कुणी नुसता टाकलेला मंत्र असता तर कायमचा गेला असता. हा दगडात बसवलेला. उताऱ्यानं तो थोडा वेळ झोपतो, मग उठतो. नियमच आहे तसा."

"माझा हात हातात होता तेव्हा का नाय बोललास?"

"तुम्ही किती अवघड ते विचारलं. किती वेळ, ते कुठं विचारलं?"

बाजारात हात सुटला की सौदा पुरा. विकलेलं जनावर आपणहून जुन्या मालकाकडं परत जाणार, हे घेणाऱ्यानं विचारायचं नसतं. ते विकणाऱ्यानं सांगायचं असतं. मी हे ओरडून सांगितलं. शिव्याही दिल्या.

"मी म्हटलं नव्हतं, या इकडं म्हणून?" बायको म्हणाली. तीही त्याच्याच बाजूची.

मग एकदम काहीच वाटेनासं झालं. राग कुठं गेला कळलं नाही. बाहेर टँकर आला. मी उठलो, पाइप टाकीत धरून उभा राहिलो. टाकी भरून वाहायला लागली तेव्हा टँकरवाला ओरडला, "ओ सेठ, ध्यान किधर है?" त्या वर्षी पाणी सांडणाऱ्याला लोक मारायला उठत. मी सांडलेल्या पाण्याकडं बघत राहिलो.

पुढच्या वेळी मेहुणा तोडगा घेऊन आला. गोष्टीतल्या गावात एक पुजारी आहे, म्हणाला. त्याचं एक काम केलं तर मेंढका परत उठेल.

"सांगायला तू चुकलास, काम मी करू?"

"चुकलो नाय, दाजी."

"मग राहू दे."

मी ढालवाला शिपाई घेतला. त्याला मंत्र येत नाही. मेहुण्यानं नाव विचारलं, मी म्हणालो, शिपाईच म्हण. अजूनही आम्ही खेळतो. तो आकडा सांगतो, मी फासा टाकतो. मध्ये एकदा तो थांबला.

"दाजी, सतरा जास्त होतात का? बोला की कायतरी."

"नियम तुझा आहे," मी म्हणालो आणि फासा टाकला.